निनावी जबाबाची ओळख



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला एक वर्ष धुळ्यास आणि एक वर्ष जळगावास भरत आली आहे, त्यांचा एक दंडक त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी जे आज या सभागृहात बसले आहेत त्यांना खचित आठवत असेल. केवळ उत्तर बरोबर आले एवढ्या सबबीवर ते गुण देत नसत. उत्तराकडे विद्यार्थी कोणत्या वाटेने गेला, मधल्या पायऱ्या त्याने कोठे गाळल्या आणि कोठे विनाकारण वाढवल्या, याची रुजुवात केल्यावाचून त्यांची लाल शाई उत्तरपत्रिकेस लागत नसे. त्यांच्या स्मृतीस उचित असा विषय शोधताना, जिच्यात जबाबाच्या आशयापेक्षा जबाब देण्याच्या रीतीलाच सारे महत्त्व आहे अशी एक अलीकडील विद्या मला आठवली, आणि चालकांनी थोड्या विस्मयाने का होईना, तिला संमती दिली. दूर अंतरावरील एखाद्या संगणकावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजे व्यवहारात आपण जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, चालू आहे हे त्या यंत्रास हात न लावता व त्याचा पडदा न पाहता, केवळ त्याच्याकडून आलेल्या जबाबांवरून ओळखणे, हा तो विषय.

प्रश्नाचे स्वरूप आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. नेटवर्कवरील दोन यंत्रे एकमेकांशी जो व्यवहार करतात तो छोट्या छोट्या पाकिटांतून चालतो, आणि या प्रत्येक पॅकेटाच्या माथ्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, पॅकेटाची लांबी, त्याचा अनुक्रमांक इत्यादी मजकूर ठराविक रकान्यांत लिहिलेला असतो. या रकान्यांत ‘मी विंडोज आहे’ किंवा ‘मी लिनक्स आहे’ असे सांगण्यासाठी एकही रकाना नाही. ज्यांनी हे नियम केले त्यांना तशी गरजच वाटली नाही. किंबहुना कोणत्याही जातीच्या यंत्राने कोणत्याही जातीच्या यंत्राशी बोलावे आणि समोरचा कोण आहे याची पृच्छा करण्याचे कारणच पडू नये, हाच त्यांचा हेतू होता. असे असूनही ‘एनमॅप’ नावाचे एक साधन आज काही सेकंदांत सांगू शकते की, अमुक पत्त्यावरील यंत्र लिनक्सच्या अमुक पिढीचे आहे, तमुक पत्त्यावर विंडोजची जुनी आवृत्ती आहे, आणि तिसऱ्या पत्त्यावर यंत्र म्हणजे संगणक नसून कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक प्रिंटर आहे. जी गोष्ट सांगण्याची तरतूदच नाही ती गोष्ट उघडकीस येते कशी?

या प्रश्नाचे उत्तर धुळ्यातील श्रोत्यांस समजावून देणे मला तुलनेने सोपे आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे १९२६ सालच्या ३१ डिसेंबरास याच गावी निवर्तले, आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. त्या मंडळाच्या कपाटांतून मोडी कागदांचे जे रुमाल बांधून ठेवलेले आहेत ते ज्यांनी एकदा तरी सोडून पाहिले असतील त्यांना एक अडचण पुरेपूर ठाऊक असेल. पेशवाईतील असंख्य पत्रांवर साल नाही. माथ्यावर ‘श्री’, मग मायना, मग मजकूर, शेवटी ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राचा अंक आणि मुसलमानी महिन्याचे नाव, आणि बस्स. ते पत्र १७५१ चे की १७६१ चे याचा उच्चार नाही, कारण ज्याला पत्र गेले त्याला वर्ष ठाऊकच होते. कित्येकदा लिहिणाऱ्याचे नावही कागदाच्या फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलेले असते. अशा वेळी अभ्यासक काय करतो? तो मजकुराकडे पाहण्यापूर्वी रीतीकडे पाहतो. मायन्यात ‘सेवेसी विज्ञापना’ आहे की ‘गोसावी यांसी’ आहे, यावरून लिहिणारा पायरीने खालचा की बरोबरीचा हे तो ठरवितो. अक्षराचे वळण, शब्द जोडण्याची लकब, कागदाची जात, मोर्तबाची जागा, पत्र संपविण्याची वहिवाट, या साऱ्यांचा मेळ घालून तो म्हणतो की, हे पत्र अमुक दफ्तरातले, अमुक सुमाराचे असावे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे जे बावीस खंड प्रसिद्ध केले त्यांतील कालनिर्णयांचा पुष्कळसा भाग याच प्रकारच्या परीक्षेवर उभा आहे. लिहिणाऱ्या कारकुनाने आपली ओळख द्यावी असे कधीही मनात आणले नव्हते. परंतु नियमाने जेथे त्यास मोकळीक दिली तेथे तेथे त्याच्या घराण्याची, त्याच्या गुरूची आणि त्याच्या कचेरीची सवय त्याच्या लेखणीतून उतरली. संगणकाची ओळख पटते ती हुबेहूब याच मार्गाने.

याच्या उलट, आपले नाव, गाव आणि तिथी स्वतः होऊन सांगणारे दस्तऐवजही असतात. चाळीसगावनजीक पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ इत्यादी ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याचा जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, त्यात शके ११२८, संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा सारा तपशील कोरलेला आहे. तरीसुद्धा पंडितांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. शक, संवत्सर आणि ग्रहण यांचा गणिताने मेळ बसतो की नाही हे तपासूनच त्यांनी तो इ. स. १२०७ चा ठरविला. संगणकाच्या बाबतीतही असे स्वतःचे नाव सांगणारे जबाब असतात. संकेतस्थळ पुरविणारे यंत्र पुष्कळदा आपल्या उत्तराच्या प्रारंभी आपल्या सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती बिनदिक्कत जाहीर करते. परंतु ते नाव बदलण्यास चालकाला एक ओळ बदलण्यापलीकडे काही करावे लागत नाही, सबब शहाणा परीक्षक त्याची नोंद घेतो पण त्यावर विसंबत नाही. त्याचा भरवसा असतो तो ज्या गोष्टी बदलणे चालकाला सहसा सुचत नाही अशांवर.

आता नियमांकडे वळू. दोन यंत्रांमध्ये खात्रीलायक संभाषण घडवून आणणारा जो टीसीपी नावाचा करार आहे, त्याचे प्रमाणभूत विवरण १९८१ च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली ‘आरएफसी ७९३’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. संभाषणाचा आरंभ तीन पावलांत होतो. एक यंत्र ‘सिन’ या निशाणाचे पॅकेट पाठवून भेटीची विनंती करते; दुसरे तयार असेल तर ‘सिन’ आणि ‘ॲक’ अशी दोन निशाणे लावून विनंती पोहोचल्याची पावती आणि आपली संमती एकदमच कळविते; पहिले पुन्हा ‘ॲक’ पाठविते आणि बोलणे सुरू होते. ज्या दारावर, म्हणजे पोर्टावर, कोणी ऐकणारेच नाही तेथे विनंती गेली तर ‘रिसेट’ हे निशाण लावलेला नकार परत येतो. येथपर्यंत सारी यंत्रे एकसारखीच वागतात, कारण न वागतील तर त्यांचे बोलणेच होणार नाही. भेद सुरू होतो तो त्याच्या पुढे. नियम एक असला तरी तो अंमलात आणणारे कारागीर अनेक होते. बर्कले येथील विद्यापीठात जो संच १९८३ च्या सुमारास बाहेर पडला त्याच्यावरून कित्येकांनी आपापले संच बेतले, कोणी अगदी कोऱ्या कागदापासून आरंभ केला, आणि प्रत्येक कुळाची अशी काही वळणे पडून गेली की जी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

त्यांतील सर्वांत ढोबळ वळण पाहावयाचे तर प्रत्येक पॅकेटावर लिहिलेल्या आयुर्मर्यादेचा अंक पाहावा. पॅकेट वाट चुकून अनंत काळ फिरत राहू नये म्हणून वाटेतील प्रत्येक राउटर या अंकातून एक वजा करतो आणि शून्य झाले की पॅकेट टाकून देतो. निघताना हा अंक किती असावा याची सक्ती नाही. लिनक्स बहुधा ६४ पासून आरंभ करते, विंडोज १२८ पासून, आणि सिस्कोची कित्येक यंत्रे २५५ पासून. तेव्हा तुमच्या हाती ११९ अंकाचे पॅकेट आले तर ते १२८ पासून निघून नऊ मुक्काम करून आले असावे असे म्हणता येते. ५७ आले तर ६४ पासून सात. हा तर्क कोणालाही बोटांवर करता येतो, आणि म्हणूनच तो पुरेसा नव्हे. त्याच्या जोडीला संभाषणाच्या आरंभी यंत्र आपली ग्रहणशक्ती किती म्हणून सांगते तो आकडा पाहावा लागतो, आणि विशेषतः माथ्यावर जोडलेल्या ऐच्छिक बाबींचा क्रम पाहावा लागतो. या ऐच्छिक बाबी कोणत्या क्रमाने लिहाव्यात याविषयी नियम मौन आहे. लिनक्स आपला क्रम एका रीतीने लावते, विंडोज दुसऱ्या, आणि मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी जे निरर्थक अक्षर घालावयाचे ते किती वेळा आणि कोठे घालावयाचे यातही त्यांच्या तऱ्हा वेगळ्या. पहिला अनुक्रमांक कोठून आरंभावा हाही असाच एक मोकळा प्रदेश होता. पूर्वीची काही यंत्रे तो ठराविक अंतराने वाढवीत असत, आणि पुढचा अंक ओळखता येत असल्यामुळे दुसऱ्याच्या नावाने खोटे बोलणे शक्य होई; १९९४ च्या नाताळात केव्हिन मिटनिक याने सुतोमू शिमोमुरा यांच्या संगणकांवर जो हल्ला केला त्यात याच दौर्बल्याचा लाभ घेतला गेला. त्यानंतर शहाण्यांनी हा अंक बेताल करण्याचा उद्योग आरंभिला, पण बेताल होण्याची प्रत्येकाची रीतही निराळी निघाली!

परंतु या विद्येचा खरा गाभा यापुढे आहे. सरळ प्रश्नाला सारेच सरळ उत्तर देतात. म्हणून परीक्षकाने असे प्रश्न विचारावयाचे की जे शिष्टाचारात बसतच नाहीत. एनमॅप एखाद्या यंत्राची कार्यप्रणाली ओळखू पाहते तेव्हा फार तर सोळा पॅकेटे पाठविते. त्यांतील सहा सभ्य भेटीच्या विनंत्या असून त्या एकमेकींपासून शंभर मिलिसेकंदांच्या अंतराने जातात, जेणेकरून अनुक्रमांक आणि घड्याळ यांची चाल मोजता यावी. उरलेल्यांची मात्र मौज आहे. एका पॅकेटावर एकही निशाण नसते. ना विनंती, ना पावती, ना निरोप, जणू कोरा कागद. दुसऱ्यावर भेटीची विनंती आणि निरोप ही दोन्ही निशाणे एकाच वेळी असून त्यांच्या जोडीला निकडीचीही दोन लावलेली असतात. तिसरे, कधी न झालेल्या संभाषणाची पावती घेऊन जाते. अशा पत्राला काय उत्तर द्यावे? आरएफसी ७९३ मध्ये ऐकत बसलेल्या पोर्टावर असे भलतेच काही आले तर काय करावे याविषयी लिहिताना ग्रंथकाराने, जवळजवळ हसत हसतच, असा आशय नोंदविला आहे की येथपर्यंत तुम्ही बहुधा येणारच नाही, आणि आलातच तर पॅकेट टाकून देऊन परत फिरावे. ही ताकीद सर्वांनी पाळली असती तर माझे व्याख्यान येथेच संपले असते. विंडोज, सिस्को, एचपी-यूएक्स इत्यादिकांनी मात्र मौन पाळण्याऐवजी ‘रिसेट’ पाठवून नकार कळविला, आणि त्या अनावश्यक सौजन्यातूनच ते ओळखले गेले.

आणखी एक उदाहरण मला फार प्रिय आहे. टीसीपीच्या माथ्यावर काही जागा भविष्यासाठी राखून ठेवलेल्या होत्या आणि त्या रिकाम्या असाव्यात असा नियम होता. जुन्या परीक्षकांनी त्यांपैकी एका जागेत मुद्दाम खूण करून विनंती पाठविली. २.०.३५ पूर्वीच्या लिनक्सने काय केले? ज्या खुणेचा अर्थ तिला ठाऊक नव्हता ती खूण तिने आपल्या उत्तरातही जशीच्या तशी उतरवून परत पाठविली. मोडी दफ्तरांतून असा कारकून कोणी पाहिला नाही काय, की जो न कळलेला शब्द गाळण्याचे धार्ष्ट्य न झाल्यामुळे त्याची आकृतीच काढून ठेवतो, आणि त्या निष्ठेमुळेच पुढे पकडला जातो? २००१ मध्ये आरएफसी ३१६८ ने या राखीव जागांना वाहतुकीच्या दाटीची सूचना देण्याचे काम नेमून दिले, आणि एनमॅपच्या आजच्या परीक्षेत त्या सूचनेचा एक स्वतंत्र प्रश्न समाविष्ट आहे; म्हणजे कालचे मौन आज नियम झाले, तरी त्या नियमाला कोण कसा प्रतिसाद देतो हा भेद शिल्लकच राहिला.

यूडीपी नावाच्या दुसऱ्या एका कराराच्या बंद पोर्टावर गेलेल्या पॅकेटाची हकीकतही ऐकण्याजोगी आहे. तेथे एनमॅप इंग्रजी ‘सी’ हे एकच अक्षर तीनशे वेळा लिहिलेले पॅकेट धाडते. पोहोचविता आले नाही असा शेरा मारून ते परत करताना मूळ पत्राचा किती भाग जोडावा हे १९८१ च्याच आरएफसी ७९२ ने सांगितले आहे : माथा आणि त्यापुढील आठ बाइट. बहुतेकांनी तेवढेच जोडले, सोलारिसने थोडे अधिक आणि लिनक्सने त्याहून अधिक. शिवाय परत आलेल्या त्या नकलेत काही यंत्रांच्या हातून आकडे बिघडत. तपासबेरीज चुके, लांबी बदले. दोन हस्तलिखितांतील समान चुकांवरून ती एकाच मूळ प्रतीची अपत्ये आहेत असे पाठचिकित्सक ठरवितात, हे येथे जमलेल्या जाणत्यांना मी सांगावयास नको.

एनमॅप या साधनाचा कर्ता गॉर्डन लायन हा अमेरिकन गृहस्थ ‘फ्योदोर’ या टोपणनावाने लिहीत असे; ‘फ्रॅक’ नामक नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात, १९९७ च्या सप्टेंबरात, त्याने एनमॅपची संहिता प्रथम प्रसिद्ध केली आणि पुढल्या वर्षी कार्यप्रणाली ओळखण्याच्या रीतीवर आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला. त्यापूर्वी ‘क्वेसो’ सारखी साधने होतीच, आणि लायनने त्यांचे ऋण मान्य केले आहे. २००६ मध्ये या परीक्षेची सारी मांडणी नव्याने करण्यात आली. मिखाल झालेव्स्की यांच्या ‘पी-झिरो-एफ’ या साधनाची वाट तर याहूनही सौम्य आहे. ते स्वतः एकही प्रश्न न विचारता, शेजारून जाणाऱ्या पॅकेटांकडे नुसते पाहत बसते. एनमॅपची प्रसिद्धी इतकी झाली की २००३ च्या ‘मॅट्रिक्स रीलोडेड’ या चित्रपटात नायिका वीजकेंद्राच्या संगणकावर ते चालविताना दिसते. चित्रपटांतून संगणकाचे जे अद्‌भुत चमत्कार दाखविण्याची वहिवाट आहे तिच्याशी तुलना करता हा एवढा अस्सल तपशील विरळाच म्हणावा लागेल.

आलेल्या जबाबांचा ताळेबंद मांडून तो हजारो ज्ञात ठशांच्या संग्रहाशी पडताळला जातो आणि तंतोतंत जुळणारा ठसा न मिळाल्यास साधन टक्केवारीसह अंदाज कळविते. या टक्केवारीविषयी दोन शब्द सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण पुष्कळ तरुण मंडळी येथेच फसतात. ‘लिनक्स, ९६ टक्के’ असे पडद्यावर उमटले म्हणजे शंभरांत शहाण्णव वेळा हे यंत्र लिनक्सच निघेल असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक कसोटीला काही गुण नेमलेले आहेत. जेवढ्या कसोट्यांवर तुलना होऊ शकली त्यांच्या एकूण गुणांपैकी शहाण्णव टक्के गुण जुळले, एवढाच तो दाखला आहे. जुळलेल्या कसोट्या क्षुल्लक असतील आणि न जुळलेली एकच निर्णायक असेल, तर ते शहाण्णव काय कामाचे? शिवाय ही परीक्षा विश्वसनीय होण्यास त्या यंत्राचे निदान एक उघडे आणि एक बंद पोर्ट सापडावे लागते. मध्ये फायरवॉल बसली असून तिने अर्धे प्रश्न गिळले असतील तर साधन स्वतःच सांगते की परिस्थिती अनुकूल नाही. ती सूचना वाचण्याची सवय ज्यांना नाही त्यांनी या वाटेस जाऊ नये.

पत्र पेशव्यांचे असले तरी अक्षर कारकुनाचे असते, हे मोडी वाचणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकावे लागते. मुद्रा पाहून अक्षरालाच धन्याचे समजणारा पुढील साऱ्या निष्कर्षांत घसरतो. नेटवर्कवरही आज हीच अवस्था आहे, आणि पंचवीस वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. घराच्या किंवा कचेरीच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पाच-पन्नास यंत्रे लपलेली असतात आणि बाहेरच्या प्रश्नांना जबाब देतो तो दारावरचा राउटर. मोठ्या संस्थांच्या सर्व्हरांपुढे वाहतूक वाटून देणारी यंत्रे उभी असतात आणि परीक्षकाला त्यांचाच ठसा मिळतो. तेव्हा ‘या पत्त्यावर लिनक्स आहे’ या वाक्याचा खरा अर्थ ‘या पत्त्यावरून जो जबाब देतो तो लिनक्स आहे’ इतकाच घ्यावयाचा. याउपर मुद्दाम केलेल्या बतावण्याही आहेत. इनाम कमिशनापुढे बनावट सनदा आल्या तशा येथे बनावट ठसे येतात. नील्स प्रोव्होस यांनी रचलेले ‘हनीड’ हे साधन तर एनमॅपच्याच ठशांचा संग्रह वाचून, त्याबरहुकूम हवी ती कार्यप्रणाली असल्याचे सोंग वठवीत असे, ज्यायोगे हल्लेखोर पोकळ यंत्रावर आपला वेळ दवडील. आणि प्रामाणिक परीक्षकही चुकतो. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची एक पोथी भाषेच्या रूपांवरून अतिप्राचीन ठरवून १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढील अभ्यासकांनी तिच्या प्राचीनत्वाविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. त्या शंका घेता आल्या, याचे कारण राजवाड्यांनी आपला निर्णय कोणत्या रूपांवर उभारला हे त्यांनी पानोपानी मांडून ठेवले होते. एनमॅपचा निष्कर्ष टिपून घेणाऱ्यानेही नुसते नाव न टिपता त्याच्यामागचा सारा ठसा दप्तरी ठेवावा असे माझे मत आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २०१७ च्या १४ मार्चास मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फाइली सामायिक करण्याच्या व्यवस्थेतील एका गंभीर दोषावर उपाय प्रसिद्ध केला. ज्यांनी तो बसविला नाही त्यांच्या यंत्रांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने जगभर धाड घातली, आणि २७ जूनला तोच दोष व चोरलेले पासवर्ड अशा दोहोंच्या बळावर ‘नॉटपेट्या’ ही दुसरी धाड आली. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली ती साथ मर्स्क या जहाज कंपनीत शिरली आणि त्या कंपनीकडे असलेल्या, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलाचे काम तिने ठप्प केले. रावेर-यावलच्या ज्या केळीउत्पादकांचा माल शीतपेट्यांतून याच बंदरावरून आखाती देशांकडे जातो, त्यांना मालपेट्या दारात खोळंबणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. केळे काही फायरवॉल दुरुस्त होईपर्यंत हिरवे राहत नाही. अशा प्रसंगी चालकाला सर्वप्रथम हवी असते ती यादी : आपल्या ताब्यात यंत्रे कोणती, आणि त्यांपैकी कोणती जुनी. ती यादी बहुधा जडसंग्रह नोंदवहीत, ज्याला आपल्या कचेऱ्यांतून सर्रास डेडस्टॉक म्हणतात त्यात, शोधली जाते आणि तेथे मिळत नाही. नोंदवहीत ‘संगणक, नग एक’ एवढेच लिहिलेले असते. त्यावर विंडोज एक्सपी आहे, जिची दुरुस्ती पुरविणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, की विंडोज ७, जिचे १४ जानेवारी २०२० रोजी, की विंडोज १०, जिचे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, याचा उल्लेख करण्यास त्या नोंदवहीत रकानाच नसतो. एका संध्याकाळी आपल्याच नेटवर्कावर केलेली परीक्षा ही यादी देते. कोणती दुरुस्ती बसविली आणि कोणती नाही हे मात्र ठशावरून कळत नाही. कूळ आणि पिढी कळते, तब्येत कळत नाही. त्यासाठी यंत्रापाशी जाऊनच पाहावे लागते.

‘आपल्याच नेटवर्कावर’ हे शब्द मी जाणूनबुजून योजिले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. मालकाच्या किंवा प्रभारी इसमाच्या परवानगीवाचून संगणकात वा नेटवर्कात प्रवेश करणे त्याच्या ४३ व्या कलमाने नुकसानभरपाईस पात्र ठरविले आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असता ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दूरच्या दारावर नुसती थाप मारणे आणि आत शिरणे यांत अंतर आहे, असा युक्तिवाद तरुण मंडळी माझ्याशी उत्साहाने करतात. तो त्यांनी वकिलाशी करावा. माझा सल्ला व्यावहारिक आहे : ज्याचे यंत्र आहे त्याची लेखी परवानगी, तीत पत्ते, तारीख आणि वेळ नमूद केलेली, हाती आल्यावाचून एकही पॅकेट रवाना करू नये, कारण जिल्हा रुग्णालयातील किंवा कारखान्यातील एखादे जुने यंत्र अशा विक्षिप्त प्रश्नाने गोंधळून बंदही पडू शकते, मग परवानगी असो वा नसो, त्याची जबाबदारी प्रश्न विचारणाऱ्यावरच येते. शिकावयाचेच असेल तर लायन यांच्या प्रकल्पाने ‘स्कॅनमी’ नावाचे एक यंत्र लोकांना अभ्यासार्थ मोकळे ठेवले आहे. आणि घरातील जुन्या संगणकाइतका सहनशील गुरू दुसरा मिळणार नाही.

राहता राहिला संग्रहाचा प्रश्न. एनमॅपचा ठशांचा संग्रह एका गृहस्थाने घरी बसून केलेला नाही. साधनाला अनोळखी ठसा आढळला की ते तो पडद्यावर मांडते आणि यंत्राचे खरे नाव ज्यास ठाऊक असेल त्याने दोन्ही पाठवावीत अशी विनंती करते. ज्यांच्याकडून हे ठसे गेले त्यांच्या हाती जी यंत्रे होती तीच संग्रहात आली, हे उघड आहे. जळगाव जिल्ह्यात ठिबक सिंचनाची कामे बघणारी नियंत्रक यंत्रे आता नेटवर्कला जोडली जाऊ लागली आहेत. शिवारातील हवामान मोजणारी केंद्रे, दाळमिलांतील वजनकाटे, सीसीटीव्हीचे स्वस्त संच, या साऱ्यांच्या पोटात कोणती ना कोणती कार्यप्रणाली बसलेली आहे आणि तिची तऱ्हा कोठे तरी नोंदली गेली पाहिजे. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि जळगावच्या विद्यापीठातून जे विद्यार्थी या विषयाचा अभ्यास करतात त्यांनी आपल्या मालकीच्या किंवा परवानगीच्या अशा यंत्रांचे ठसे घेऊन पाठवावेत, अशी माझी सूचना आहे. पाठविताना दोन पथ्ये पाळावीत. उघडे आणि बंद असे एकेक पोर्ट मिळालेले असून मध्ये राउटर नाही याची खातरजमा करावी, म्हणजे त्याच खोलीत, त्याच जोडणीवर बसून परीक्षा करावी. आणि यंत्राचे नाव व आवृत्ती पेटीवर छापलेली न लिहिता, यंत्राच्या आत पाहून लिहावी, कारण एका चुकीच्या नावाचा ठसा संग्रहात गेला की तो पुढे जगभर कोणाच्या तरी कचेरीतील यादीत खरा म्हणून उतरत राहतो.